खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्याची टाकी : मॉस व कोळंबीच्या लघुजलाशयाची पुनर्रचना

सारांश

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ठेवलेली पाणवनस्पती व जलचरांची काचेची टाकी वारंवार नासते, तेव्हा दोष प्राण्यांना, हवामानाला किंवा निगा राखणाऱ्या व्यक्तीला दिला जातो. दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यातील गावी या अपयशाचे मूळ बहुधा पाण्याच्या रासायनिक घडणीत असते. प्रस्तुत लेखात मॉस आणि गोड्या पाण्यातील लहान कोळंबी यांच्यासाठी सुमारे तीस लिटरच्या टाकीची पुनर्रचना कशी करावी, याचे विवेचन केले आहे. बाष्पीभवनाने क्षार कसे साचतात, पावसाच्या पाण्याचा उपयोग कसा करता येतो, उन्हाळ्यात तापमान कसे आवरावे आणि अशा टाकीचे अध्यापनमूल्य काय, या मुद्द्यांचा क्रमाने विचार केला आहे.

बीजशब्द : खारपाणपट्टा, मॉस, कोळंबी, विद्राव्य क्षार, कठीणपणा, बाष्पीभवन, पर्जन्यजल.

१. प्रस्तावना

दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव चंद्रभागा नदीच्या काठी वसलेले आहे. उत्तरेस मेळघाटचे डोंगर, दक्षिणेस पूर्णा नदी आणि या दोहोंमध्ये पसरलेली काळी, सपाट, कपाशी पिकविणारी जमीन, असा हा प्रदेश आहे. डोंगरातून येणारे पाणी गोड, तर याच जमिनीखालचे पाणी खारे. वऱ्हाडातील माणूस हा विरोधाभास पिढ्यान्‌पिढ्या अनुभवत आला आहे. काचेच्या एका लहानशा टाकीत तोच विरोधाभास काही आठवड्यांत डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणूनच या टाकीचा विचार केवळ शोभेची वस्तू म्हणून करणे अपुरे ठरते.

प्रयोगशाळेतील किंवा विभागातील टाकीचे सर्वसाधारण चित्र परिचित आहे. तळाशी रंगीत खडे, त्यांत रोवलेली प्लॅस्टिकची झाडे आणि दोन-चार सोनेरी मासे. मासे मरतात, नवे आणले जातात, तेही मरतात. आणि एप्रिल-मे महिन्यांत रिकामी टाकी कपाटावर जाऊन बसते. विद्यार्थ्यांना यातून काही शिकावयास मिळत असेल, तर ते एवढेच की, पाण्यातले प्राणी ‘आपल्याकडे टिकत नाहीत’.

हा समज दूर करणे आज अधिक निकडीचे झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही पातळ्यांवर ते थांबविण्याचे निर्देश दिले. त्यानंतर मृत प्राण्याच्या अभ्यासाची जागा तक्ते आणि संगणकीय चित्रफिती यांनी घेतली. परंतु जिवंत प्राण्याचे निरीक्षण ही जागा पुष्कळ ठिकाणी रिकामीच राहिली आहे. अल्प खर्चाची, पारदर्शक आणि वर्षभर टिकणारी टाकी ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. मात्र त्यासाठी ती टिकली पाहिजे, आणि दर्यापुरात ती टिकविणे हा सर्वस्वी पाण्याचा प्रश्न आहे.

२. मॉस : मुळांशिवायची वनस्पती

बोलीभाषेत पाण्यावरची हिरवी साय, भिंतीवरचा हिरवा थर आणि विहिरीच्या काठावरचा मऊ गालिचा या सर्वांना ‘शेवाळ’ हाच एक शब्द वापरला जातो. शास्त्रीय दृष्टीने मात्र यांत दोन वेगळे गट आहेत. पाणी हिरवे करणारे ते शैवाल. आणि सूक्ष्म खोड व पाने असलेली, ब्रायोफायटा विभागात मोडणारी वनस्पती म्हणजे मॉस. मराठी परिभाषेत तिला ‘हरिता’ असेही म्हणतात. दर्यापुरातील जुन्या भिंतींवर आषाढ-श्रावणात हिरवळणारी आणि हिवाळ्यात वाळून तपकिरी पडणारी वनस्पती बहुतांशी हीच होय.

मॉसला खरी मुळे नसतात. मूलाभांच्या साहाय्याने ती दगडाला किंवा लाकडाला धरून राहते. पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या विकसित ऊतीही तिच्यात नसतात. तिचे पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या थराचे असते आणि पाणी व क्षार ती सर्वांगाने शोषते. इतर पाणवनस्पतींना तळातील मातीचा आधार असतो. मॉसला तोही नसतो. भोवतीचे पाणी जसे असेल, तसे ते तिच्या प्रत्येक पेशीला थेट भिडते. त्यामुळे पाणी बिघडल्याची खूण तिच्यावर लवकर उमटते.

टाकीसाठी सर्वाधिक प्रचलित असलेले ‘जावा मॉस’ हे टॅक्सिफायलम बार्बिएरी होय. बाजारात व पुस्तकांत ते दीर्घकाळ व्हेसिक्युलारिया ड्युबियाना या चुकीच्या नावाने ओळखले जात असे. त्रिकोणी फांद्यांचे ‘ख्रिसमस मॉस’ हे व्हेसिक्युलारिया वंशातील आहे, तर फिसिडेन्स फाँटॅनस हे पिसासारख्या पानांचे व मंद वाढीचे मॉस आहे. रिक्सिया फ्लुइटन्स ही मॉस नसून यकृतका गटातील तरंगणारी वनस्पती आहे. जपानमधील निइगाता येथील छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी ती दगडांना बांधून पाण्याखाली वाढविण्याची पद्धत लोकप्रिय केली. नवशिक्यांनी जावा मॉसपासून प्रारंभ करणे इष्ट, कारण कमी प्रकाशात व अतिरिक्त कार्बन डायऑक्साइडशिवाय ते वाढते.

भिंतीवरचे किंवा डोंगरातील मॉस आणून टाकीत बुडवावे, असा विचार सहज मनात येतो. तथापि जमिनीवरची बहुतेक मॉस कायम पाण्याखाली तग धरीत नाहीत. शिवाय मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून वनस्पती काढून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही गैर आहे.

३. कोळंबी : मॉसच्या गायरानातील चरणारा जीव

वऱ्हाडच्या आठवडी बाजारात वाळलेले झिंगे सर्वांच्या परिचयाचे आहेत. टाकीतील कोळंबी त्याच दशपाद कवचधारी गणातील, परंतु आकाराने फार लहान. लाल रंगामुळे ‘रेड चेरी’ म्हणून ओळखली जाणारी निओकॅरिडिना डेव्हिडी ही पूर्व आशियातील गोड्या पाण्याची जाती असून पूर्ण वाढलेली मादी सुमारे तीन सेंटिमीटर लांबीची असते. तिचे आयुष्य साधारणतः एक ते दोन वर्षांचे असते.

अध्यापनाच्या दृष्टीने तिची दोन वैशिष्ट्ये मोलाची आहेत. पहिले म्हणजे तिचे शरीर बरेचसे पारदर्शक असते. पोटाखालच्या पोहण्याच्या पायांत मादी वीस ते तीस अंडी वाहून नेते व ती भिंगातून स्पष्ट दिसतात. दुसरे म्हणजे तिच्या वाढीत मुक्त पोहणारी अळी-अवस्था नसते. तीन-चार आठवड्यांनी अंड्यांतून बाहेर येणारे पिल्लू प्रौढाचीच लघुप्रतिमा असते. त्यामुळे संपूर्ण जीवनचक्र एकाच टाकीत पाहता येते. अमानो यांनी शैवाल खाण्यासाठी प्रचारात आणलेल्या कॅरिडिना मल्टिडेंटाटा या जातीत असे घडत नाही. तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते. येथे एक गैरसमज संभवतो. ‘खारपाणपट्ट्याचे खारे पाणी तिला चालेल’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे परस्परप्रमाण आणि येथील भूजलातील क्षारांचे प्रमाण यांत मोठी तफावत आहे. खारेपणा म्हणजे एकच एक गुणधर्म नव्हे.

मॉस आणि कोळंबी यांचा संबंध गायरान व गुरे यांच्यासारखा आहे. कोळंबी सहसा मॉस खात नाही. मॉसच्या असंख्य पानांवर साचणारा जिवाणू, सूक्ष्म शैवाल व सेंद्रिय कण यांचा पातळ थर ती दिवसभर वेचते. नवजात पिल्लांचे अन्न जवळजवळ सर्वस्वी हाच थर असतो. कात टाकल्यानंतर काही काळ कवच मऊ असते, तेव्हा लपण्यासाठीही मॉसच उपयोगी पडते.

कात टाकणे हाच कोळंबीच्या जीवनातील सर्वांत नाजूक क्षण होय. नवे कवच घट्ट होण्यासाठी पाण्यात पुरेसे कॅल्शियम व काही प्रमाणात मॅग्नेशियम असावे लागते. पाण्याचे गुणधर्म अचानक बदलले, तर कोळंबी अवेळी कात टाकते, जुने कवच मध्येच फाटते आणि ती त्यातून बाहेर पडू शकत नाही. ‘काल पाणी बदलले आणि आज कोळंब्या मेल्या’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

४. खारपाणपट्ट्याचे पाणी

उत्तरेकडील गाविलगडच्या आणि दक्षिणेकडील अजिंठ्याच्या रांगांमधील खचलेला भाग पूर्णा व तिच्या उपनद्यांच्या गाळाने भरून आला. काही ठिकाणी या गाळाची जाडी शेकडो मीटर आहे. अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे या क्षारयुक्त पट्ट्यात येतात. येथील चिकण काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंदगतीने होतो आणि भूजलात सोडियमचे क्लोराइड व बायकार्बोनेट क्षार मोठ्या प्रमाणात आढळतात. विहिरी व बोअरच्या पाण्यात विद्राव्य क्षारांचे प्रमाण लिटरला एक हजार मिलिग्रॅमच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) ही मर्यादा ५०० मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास ती २००० मिलिग्रॅमपर्यंत शिथिल करता येते. पिण्यासाठी या भागाला सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचा आधार मिळाला, तो याच कारणाने.

निओकॅरिडिनासाठी विद्राव्य क्षार लिटरला १५० ते २५० मिलिग्रॅम, एकूण कठीणपणा ६ ते ८ जर्मन अंश, कार्बोनेट कठीणपणा २ ते ५ अंश आणि पीएच ६.५ ते ८ ही परिस्थिती सोयीची मानली जाते. या मर्यादांच्या बाहेरही ती जगते. परंतु प्रजनन मंदावते आणि पिल्ले कमी टिकतात. नेमक्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व स्थैर्याला आहे.

येथे खिशात मावणाऱ्या क्षारमापकाविषयी सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. हे उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजून तिचे क्षारांत रूपांतर करते. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. दोनशे मिलिग्रॅम सोडियमचे क्षार आणि दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियमचे क्षार त्याच्या पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात. कोळंबीच्या कवचाला मात्र त्यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. म्हणून मापकाच्या जोडीला रसायनशास्त्र विभागातील नेहमीच्या परीक्षा कराव्यात : कठीणपणासाठी ईडीटीए अनुमापन, अल्कतेसाठी आम्ल अनुमापन आणि क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट अनुमापन.

५. वाफ जाते, क्षार राहतात

टाकीच्या पुनर्रचनेतील मध्यवर्ती तत्त्व एका साध्या हिशेबातून स्पष्ट होते. ४५ × ३० × ३० सेंटिमीटर मापाची टाकी २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली, तर तिच्यात सुमारे ३४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व लाकूड वजा जाता ३० लिटर उरते. वैशाख-ज्येष्ठात पंख्याखाली अशा टाकीतून दररोज अर्धा लिटर पाणी उडून जाते असे धरू. महिन्याला ते १५ लिटर होते. ही तूट लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार असलेल्या बोअरच्या पाण्याने भरून काढली, तर महिन्याकाठी १५ ग्रॅम क्षार टाकीत येतात. पाणी वाफ होऊन निघून जाते. क्षार जात नाहीत. तीस लिटरांत ते मिसळल्याने क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमने वाढते. दोन महिन्यांत ही वाढ १००० मिलिग्रॅमची होते. पाणी मात्र दिसावयास पूर्वीइतकेच नितळ असते.

मे महिन्यात टाक्या ओस पडतात, त्यात उष्णतेइतकाच या साचलेल्या क्षारांचा वाटा असतो. पाणी कधी बदललेच नाही, केवळ कमी झालेले भरत राहिलो, असे सांगितले जाते. वस्तुतः प्रत्येक भरणीबरोबर पाणी बदलतच होते.

खाऱ्या पाण्याने ओलीत केलेल्या शेतात हीच प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर चालते. सूर्य पाणी नेतो, क्षार मातीत राहतात, निचरा नसल्याने ते खाली उतरत नाहीत आणि कालांतराने जमिनीचा पोत बिघडतो. जी गोष्ट शेतात अनेक वर्षांत घडते, ती टाकीत एका ऋतूत घडते. खारपाणपट्टा समजावून सांगण्यासाठी याहून सुलभ प्रतिकृती सापडणे कठीण आहे.

यावरून दोन नियम निघतात. उडालेले पाणी नेहमी क्षारविरहित पाण्याने भरावे. आणि दर आठवड्यास दहा टक्के, म्हणजे तीन लिटर पाणी काढून तेवढेच योग्य क्षारांचे पाणी घालावे. पहिल्या नियमाने क्षार वाढत नाहीत, दुसऱ्याने साचलेली अशुद्धी बाहेर जाते.

६. पाण्याची जुळणी

क्षारविरहित पाण्याचा उत्तम स्रोत डोक्यावरच आहे. अमरावती जिल्ह्याच्या सपाटीच्या भागात वर्षाला सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छतावर ८०० लिटर पाणी पडते. वीस टक्के घट धरली, तरी ६४० लिटर हाती येते. टाकीची वार्षिक गरज साप्ताहिक बदलासाठी १५६ लिटर आणि बाष्पीभवनाची भरपाई सुमारे ११० लिटर, अशी एकूण २७० लिटरच्या आत आहे. म्हणजेच अर्ध्या चौरस मीटर छताचा पाऊस एका टाकीला वर्षभर पुरतो. पावसाळा संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंतची बेगमी करण्यास २०० लिटरचे दोन झाकणबंद प्लॅस्टिक पिंप पुरेसे आहेत.

पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी धूळ व पक्ष्यांच्या विष्ठेसह वाहून जाऊ द्यावे. फवारणी चालू असलेल्या शेताला लागून असलेले छत टाळावे. नव्या जस्ती पत्र्यावरचे पाणीही घेऊ नये. पावसाचे पाणी नसल्यास आरओ यंत्राचे पाणी चालते. परंतु ती यंत्रे बरेच पाणी वाया घालवितात, हे पाण्याच्या टंचाईच्या प्रदेशात विसरता येत नाही.

निव्वळ पावसाचे पाणी मात्र कोळंबीला चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम नसल्यात जमा असते. दहा लिटर पावसाच्या पाण्यात १.२ ग्रॅम जिप्सम विरघळविल्यास सुमारे ४ अंश कठीणपणा कॅल्शियमपासून मिळतो. ०.९ ग्रॅम एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट घातल्यास आणखी २ अंश मिळतात. ०.६ ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्यास कार्बोनेट कठीणपणा सुमारे २ अंश होतो. या मिश्रणात विद्राव्य क्षार लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास येतात. जिप्सम मंद विरघळते. म्हणून पाणी आदल्या दिवशी तयार करून ढवळून ठेवावे.

सोड्याऐवजी बोअरचे थोडे पाणी मिसळूनही अल्कता आणता येते. उदाहरणार्थ, १२०० मिलिग्रॅमचे बोअरचे पाणी आणि २० मिलिग्रॅमचे पावसाचे पाणी यांपासून २०० मिलिग्रॅमचे मिश्रण करावयाचे असल्यास दहा लिटरांत बोअरचे पाणी केवळ दीड लिटर लागते. परंतु अशा मिश्रणात आकडा जुळतो आणि कॅल्शियम उणे पडू शकते. म्हणून बोअरचे पाणी याहूनही कमी घेऊन उर्वरित क्षार जिप्सम व एप्सम मिठाने पुरवावेत आणि अनुमापनाने पडताळणी करावी.

७. टाकीची पुनर्रचना

जुनी टाकी रिकामी करून एकाच दिवसात नवी उभारण्याचा मोह टाळावा. जुन्या गाळणीच्या स्पंजात अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वसलेले असतात. तो स्पंज जुन्याच पाण्यात हलका पिळून नव्या मांडणीत वापरावा. नळाखाली धुऊ नये.

तळासाठी बारीक काळी वाळू व दगडांसाठी स्थानिक काळा पाषाण उत्तम, कारण तो पाण्यात सहसा काही सोडत नाही. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे मात्र कठीणपणा वाढवितात. वाळूवर व दगडावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. फेस आल्यास ती वस्तू नाकारावी. लाकूड म्हणून पेरूची पूर्ण वाळलेली, साल काढून उकळलेली फांदी वापरता येते.

मॉस कात्रीने एक सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून दगडावर पातळ थरात पसरावे व सुती दोऱ्याने गुंडाळावे. जाड थर लावल्यास खालचा भाग प्रकाशाअभावी कुजतो. काही आठवड्यांत दोरा कुजतो आणि तोवर बहुधा मॉसने दगड धरलेला असतो. मागील बाजूस उंच, पुढे मोकळी वाळू आणि एका बाजूस झुकलेली फांदी, एवढी मांडणी पुरेशी आहे. कोळंबी दिसण्यासाठी पुढची जागा मोकळीच हवी. प्रकाशासाठी आठ ते दहा वॉटचा एलईडी दिवा रोज सहा ते सात तास लावावा. खिडकीचे ऊन वर्ज्य करावे, अन्यथा मॉसऐवजी शैवाल वाढते.

गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज वापरावा. शक्तिशाली गाळणी पिल्लांना ओढून घेते. मासे याच कारणास्तव ठेवू नयेत. बहुतेक मासे पिल्ले खातात. वीज गेल्यास चालणारा लहान बॅटरी-पंप जवळ असावा.

मांडणी झाल्यावर चार ते सहा आठवडे टाकी परिपक्व होऊ द्यावी. अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमहून कमी असल्याची खात्री झाल्यावरच दहा कोळंब्या सोडाव्यात. येथील हवामानात ही दक्षता अधिक आवश्यक आहे. अमोनियाचा विषारी, आयनरहित अंश पीएच ७ व २५ अंश सेल्सिअसला अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर आणि ३० अंशांना सात टक्क्यांवर जातो. वऱ्हाडचे अल्कधर्मी पाणी व उष्णता दोन्ही एकाच दिशेने काम करतात. कोळंब्या सोडताना टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यांच्या भांड्यात सोडून दोन तासांत त्यांना सरावू द्यावे.

८. उन्हाळा आणि अदृश्य धोके

निओकॅरिडिनाला २२ ते २५ अंश तापमान मानवते. ३० अंशांपुढे तिची दमछाक होते. पाणी तापले की त्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २० अंशांना लिटरला ९.१ मिलिग्रॅम विरघळणारा प्राणवायू ३५ अंशांना सातहून कमी होतो. याच वेळी प्राण्याची गरज मात्र वाढलेली असते.

यावरचा उपाय रांजणातच आहे. कोरड्या हवेत पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. पृष्ठभागावरून वाहणाऱ्या लहान पंख्याच्या झोताने टाकीचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. टाकी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीलगत आणि कूलरच्या वाऱ्यात ठेवल्यास अधिक लाभ होतो. मात्र गारव्याची किंमत बाष्पीभवनाने चुकवावी लागते, आणि ती भरपाई पावसाच्या पाण्यानेच करावयाची, हे आधीच्या हिशेबावरून ध्यानात यावे. उन्हाळ्याच्या सुटीत टाकी कोणी सांभाळावी, हा प्रश्नही आरंभीच सोडवावा. सुटी आणि उष्णतेचा कळस दोन्ही एकाच वेळी येतात.

काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी माणसासाठी हितकर मानले जाते. कोळंबीला मात्र ते प्राणघातक ठरू शकते. तिच्या रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबे असते हे खरे, तथापि पाण्यातील तांब्याचे अल्प आधिक्यही तिला सोसत नाही. डासांसाठी लावण्यात येणाऱ्या द्रवाच्या यंत्रांतील पायरेथ्रॉइड रसायने कीटकांप्रमाणेच कवचधारी प्राण्यांनाही मारतात. शेतात फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीत काम करू नये, आणि खाद्य म्हणून द्यावयाचा पालक नीट धुऊन उकळून घ्यावा. खाद्य आठवड्यातून दोन-तीनदा व अल्प असावे; उपासमारीपेक्षा अति खाद्यानेच टाक्या अधिक बिघडतात.

९. अध्यापनातील स्थान व जबाबदारी

अशी टाकी कोणत्याही एका विभागाची राहत नाही. वनस्पतिशास्त्राला मॉसची रचना, प्राणिशास्त्राला कोळंबीचे जीवनचक्र, रसायनशास्त्राला अनुमापन, भौतिकशास्त्राला बाष्पीभवन व विद्युतवाहकता, भूगोलाला पूर्णा खोऱ्याची घडण आणि संख्याशास्त्राला नोंदींची मालिका उपलब्ध होते. नोंदवहीत दिनांक, तापमान, भरलेले पाणी, विद्राव्य क्षार, कठीणपणा, अंडी वाहणाऱ्या माद्यांची संख्या आणि सापडलेल्या काती एवढे रकाने असावेत. शक्य असल्यास शेजारी प्राण्यांविना, केवळ जावा मॉस असलेली दुसरी टाकी ठेवून तिची तूट बोअरच्या पाण्याने भरावी. दोन टाक्यांतील क्षारांचा वाढता फरक विद्यार्थ्यांनी आलेखावर मांडला, म्हणजे खारपाणपट्ट्याचे गणित त्यांना स्वतःच्या हाताने सुटते.

या उपक्रमाची एक नैतिक मर्यादाही आहे. निओकॅरिडिना येथील मूळ जाती नव्हे. जर्मनी, पोलंड आणि हवाई येथे ती निसर्गात स्थिरावल्याच्या नोंदी आहेत. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने भारतीय जलाशयांची काय अवस्था केली, हे सर्वविदित आहे. म्हणून संख्या वाढली, तरी कोळंबी किंवा मॉस चंद्रभागेत, पूर्णेत अथवा गावतळ्यात कदापि सोडू नये. काढलेले पाणी गटारात न ओतता कुंड्यांना द्यावे आणि मॉसची छाटणी वाळवून टाकावी.

१०. समारोप

मॉस व कोळंबीच्या टाकीची पुनर्रचना म्हणजे दगड आणि फांद्यांची नवी मांडणी, असा सर्वसाधारण समज असतो. दर्यापूरच्या संदर्भात ती मुख्यत्वे पाण्याची पुनर्रचना आहे. उडालेले पाणी पावसाच्या पाण्याने भरणे, कॅल्शियम व मॅग्नेशियम मोजून देणे, बदल सावकाश करणे आणि उन्हाळ्याची तजवीज पावसाळ्यातच करणे, ही चार पथ्ये पाळली, तर तीस लिटरची टाकी येथेही वर्षानुवर्षे टिकू शकते.

याहून महत्त्वाचे असे की, खारपाणपट्ट्यातील विद्यार्थी ज्या पाण्यावर वाढला, त्याची घडण समजून घेण्याची संधी ही टाकी त्याला देते. पाणी नितळ दिसते म्हणून ते चांगले असतेच असे नाही, आणि मापकावरचा एक आकडा पाण्याचा सगळा स्वभाव सांगत नाही, हे त्याला येथे पडताळून पाहता येते. विहिरीच्या, बोअरच्या किंवा शेतातल्या पाण्याकडे तो उद्या याच चौकस दृष्टीने पाहू लागला, तर विभागाच्या कोपऱ्यातील या लहानशा टाकीने आपले काम केले असे म्हणता येईल.